मदतनीस मिळाला तर भाऊ आळशी होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ २९ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी अपघातात मानेच्या मणक्याला, सी-६ म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला इजा झाली. आता सरकारी योजनेतून मदतनिसाचे आठवड्याला २८ तास, नवी व्हीलचेअर आणि बाथरूममधले बदल मंजूर झालेत. आईचं म्हणणं, सगळं आयतं मिळालं की जे थोडंफार जमतंय तेही सुटेल. भावाला मात्र वेगळं राहायचंय. या मदतीने तो स्वावलंबी होईल की आणखी परावलंबी, असं तुम्ही विचारलंय.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे इजा किंवा आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी मदत करते. बावीस वर्षं मणक्याची इजा आणि स्नायूंचे आजार असलेल्या लोकांबरोबर काम करते आहे, आणि त्यातला मोठा काळ अशाच योजनांसाठी गरजांचं मूल्यमापन करण्यात गेला. आईंची भीती अगदीच निराधार नाही. त्या भीतीकडे पुढे येते, पण आधी 'स्वावलंबी' या शब्दाचा घोळ निस्तरावा लागेल. तो घोळ आमच्याच क्षेत्राने घातलाय.

रिहॅबच्या, म्हणजे पुनर्वसनाच्या वॉर्डात आम्ही एक मोजपट्टी वापरतो. १८ कामं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, एकूण १८ ते १२६. जेवण, अंघोळ, कपडे, पलंगावरून खुर्चीत जाणं वगैरे. दुसऱ्याने सगळं केलं तर १, कुणाच्याही मदतीशिवाय सहज जमलं तर ७. स्वतः केलं पण वेळ फार लागला, तर ६. तुमच्या भावाने पाऊण तास झगडून पँट चढवली तर त्याला ६ मिळतील. मदतनिसाने पाच मिनिटांत चढवली तर १. त्या पाऊण तासानंतर त्याच्या अंगात दिवसभरासाठी काय उरलं, हा रकाना कागदावर नाहीच. वॉर्डात ही पट्टी उपयोगी पडते, नाही असं नाही. पण माणूस घरी गेल्यावरही घरचे तिच्यावरच त्याला तोलत बसतात. आई नेमकं तेच करताहेत आणि त्यांना तसं करायला आम्हीच शिकवलंय.

माझी स्वतःची कसोटी वेगळी आहे. समोरच्या माणसाला मदत करणाऱ्याला 'नको' म्हणता येतं का? 'आत्ता नको, अर्ध्या तासाने', 'तुम्ही नको, दुसरं कुणीतरी पाठवा', 'असं नको, मी सांगतो तसं उचला'. आज तुमच्या भावाला अंघोळ कोण घालतं? बहुतेक आई आणि तुम्ही. त्याला उद्या सकाळी सहाऐवजी नऊला अंघोळ करावीशी वाटली तर तो सांगेल का? सांगणार नाही, कारण तुम्हाला कामाला जायचंय, आईची पाठ दुखतेय, आणि तुम्ही दोघी हे प्रेमापोटी, फुकट करताय. फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल तक्रार करता येत नाही. माणूस हळूहळू गरजाच कमी सांगायला लागतो. पाणी कमी पितो, म्हणजे कुणाला उठवायला नको. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता पहिल्या भेटीत विचारतेच, 'दिवसाला पाणी किती पिता?'

सरकारी पैशाने होणारा बदल मुख्यतः इथे होतो. मदत करणाऱ्याला पगार मिळतो, म्हणून ती मदत उपकार राहत नाही. तिच्यात वेळ ठरवता येते, पद्धत सांगता येते, माणूस बदलता येतो.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. एड रॉबर्ट्स नावाच्या अमेरिकन मुलाला १९५३ मध्ये, १४ व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं, आणि श्वासासाठी त्याला 'आयर्न लंग' या लोखंडी पिंपासारख्या यंत्रात झोपावं लागे. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्याने त्याला शिक्षणासाठी मदत द्यायला सुरुवातीला नकार दिला, कारण इतका अपंग माणूस नोकरी करूच शकणार नाही असं त्यांचं मत. भांडून मदत मिळाली, आणि १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. यंत्र मावेल अशी वसतिगृहाची खोली नव्हती, म्हणून विद्यापीठाच्याच रुग्णालयात राहिला. पुढे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. मदतनीस कोण असावा, कधी यावा, कसं काम करावं हे त्यांनी स्वतः ठरवायला सुरुवात केली. त्यातूनच १९७२ मध्ये बर्कलीत 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग' (स्वतंत्रपणे जगण्यासाठीचं केंद्र) उभं राहिलं. आणि ज्या खात्याने त्याला निकालात काढलं होतं, त्याच खात्याचा तो १९७५ मध्ये प्रमुख झाला. हात तेव्हाही चालत नव्हते. वॉर्डातल्या आमच्या पट्टीवर त्याचे गुण किती भरले असते याचा विचार करून बघा.

नंतर बऱ्याच देशांनी हे कायद्यात आणलं. स्वीडनमध्ये १ जानेवारी १९९४ पासून व्यक्तिगत मदतनीस हा कायदेशीर हक्क झाला. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला सेवेऐवजी थेट रोख रक्कम द्यायची मुभा मिळाली, म्हणजे मदतनीस नेमणारा मालक तो अपंग माणूसच. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना जुलै २०१३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. तिथे माणसाच्या नावावर मंजूर झालेला निधी तो स्वतः सांभाळू शकतो, हिशेबासाठी मध्यस्थ नेमू शकतो किंवा योजनेकडेच सोपवू शकतो. भारताच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत आणि जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. या सगळ्याला बांधणारा धागा म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार. त्याचं कलम १९ सांगतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडायची संधी अपंग माणसाला इतरांइतकीच हवी, आणि त्यासाठी लागणारी मदत, त्यात मदतनीसही आला, उपलब्ध हवी. तुमच्या भावाचे २८ तास हे त्याच वाटेने आलेत.

आता त्या २८ तासांकडे येऊ, कारण खरी चूक इथे होते. रोजचे चार तास, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाकू नका. मदतनीस पुरवणाऱ्या एजन्सीला ते सोयीचं असतं, त्यामुळे ती तसंच सुचवेल. तुमच्या भावाचा पोट साफ करण्याचा (मदतीने शौच करवण्याचा) कार्यक्रम, मी धरून चालते, एक दिवसाआड असेल. तर आठवड्यातल्या चार सकाळी अडीच-अडीच तास लागतील, उरलेल्या तीन सकाळी दीड-दीड पुरतील. हे झाले साडेचौदा. रात्री पलंगावर जायला अर्धा तास, आठवड्याचे साडेतीन. एकूण १८. उरले १० तास. ते दहा तास त्याचे. अभ्यासक्रमाला, कामाच्या मुलाखतीला, मित्रांकडे, किंवा नुसतंच बाहेर भटकायला. असे तास पुढेमागे करायची परवानगी तुमच्या योजनेत आहे का, हे लेखी विचारा. असेल तर तोंडी उत्तरावर विसंबू नका, मंजुरीच्या कागदावर लिहून घ्या.

आणि तास वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे योग्य उपकरण. सी-६ च्या माणसाला बोटं मिटता येत नाहीत, पण मनगट वर उचलता येतं. मनगट वर उचललं की बोटं आपोआप आत वळतात, अंगठा तर्जनीच्या बाजूला टेकतो. याला टेनोडेसिस पकड म्हणतात. एवढ्याशा पकडीवर माणूस हलका ग्लास धरतो, कार्ड काढतो. तळहाताला बांधायच्या पट्ट्यात चमचा किंवा दात घासायचा ब्रश अडकतो. लघवीच्या पिशवीची तोटी फिरवायची नसून हाताच्या रेट्याने उघडणारी घेतली, तर दर काही तासांनी कुणाची वाट बघावी लागत नाही. ही तोटी म्हणजे अगदी क्षुल्लक वस्तू, पण तिच्यावाचून माणसाला घरात दोन तास एकटं राहता येत नाही.

इथे मध्येच एक गोष्ट सांगते, आईंना मुद्दाम वाचून दाखवा. बोटं वळलेली बघून घरचे मायेने रोज तेल लावून मालीश करतात आणि मनगट मागे वाकवून बोटं ताणून सरळ करतात. त्याने ही पकड ढिली पडते. बोटांचे स्नायू थोडे आखडलेले असणं हेच त्या पकडीचं भांडवल आहे. मनगट वर असताना बोटं वळू द्यायची, बोटं सरळ करायची तर मनगट खाली सोडून. नव्या मदतनिसालाही पहिल्या दिवशी हेच शिकवा.

व्हीलचेअरबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या इथले थेरपिस्ट मापं घेतीलच. फक्त खुर्चीत बसायची गादी खुर्चीइतकीच महत्त्वाची आहे. बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, झाला की महिनोन्‌महिने पालथं पडून राहावं लागू शकतं, मग कसलं वेगळं राहणं आणि कसलं काय. उतार करायचा असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, आणि खुर्ची वळायला साधारण दीड मीटरची मोकळी जागा.

बाथरूमच्या बदलांआधी मात्र भावाला विचारा की त्याला काय हवंय. हे इतकं सोपं वाटतं की कुणी विचारतच नाही. मीही चुकले आहे. काही वर्षांपूर्वी एका बाईंच्या घरासाठी मी शिफारस लिहिली होती. स्वयंपाकघराचा ओटा खाली घेतला, त्याखाली व्हीलचेअर जाईल अशी जागा केली, सगळं मापात, निधी पूर्ण मंजूर. सहा महिन्यांनी गेले तर ओट्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. बाई म्हणाल्या, 'मला स्वयंपाक पायावर उभी होते तेव्हाही आवडत नव्हता.' त्यांना हवं होतं ते पुढचं दार बसल्या जागेवरून उघडायचं बटण. घरी कोण येईल आणि कोण नाही हे त्यांना ठरवायचं होतं. तोपर्यंत दार उघडायला शेजारीण लागायची आणि त्यामुळे कोण आलं-गेलं हे सगळ्या मजल्याला कळायचं. ओट्याच्या खर्चाच्या एका तुकड्यात ते झालं असतं. तेव्हापासून मी अहवालात 'उद्दिष्ट' या रकान्यात त्या माणसाचंच वाक्य, त्याच्याच शब्दांत लिहिते.

आता आईंची भीती. मदतनिसामुळे जमणाऱ्या गोष्टी सुटतात का? सुटू शकतात. मदतनीस घाईत असतो, त्याला पुढच्या घरी जायचं असतं, आणि भावाने हाताने टी-शर्ट ओढायला चार मिनिटं घेतली तर तो मध्येच हात घालून काम उरकतो. पंधरा दिवसांत भावाचा हात उठायचा थांबतो. हे मी नाकारत नाही. पण यावर उपाय मदत नाकारणं हा नाही. कोणती कामं भाऊ स्वतः करणार, कोणती दोघं मिळून आणि कोणती पूर्णपणे मदतनीस, याची यादी भावाने करायची. निकष त्याचे. शर्ट स्वतः घालायचा, कारण खांद्यांना व्यायाम होतो आणि त्याला ते आवडतं. पँट आणि बूट मदतनिसाने, कारण त्यात जीव जातो आणि मिळत काही नाही. रविवारी वेळ असेल तर पँटही. दर तीन महिन्यांनी यादी बदलायची.

आणि एक गोष्ट थोडी रोखठोक लिहिते. दोन वर्षांत त्याची जी कौशल्यं सुटली असतील, त्यातली बरीच मदतनिसाच्या आधीच, घरच्यांच्या प्रेमात सुटली असतील. आई मुलाला धडपडताना बघू शकत नाही. पगारी माणूस बघू शकतो, त्याला तसं सांगितलं तर. धडपडायचा, चुकायचा, चहा सांडायचा हक्क घरात सगळ्यांना असतो, फक्त अपंग माणसाचा आपण सुरक्षिततेच्या नावाखाली काढून घेतो.

सुरक्षिततेचा एक मुद्दा मात्र खरोखर गंभीर आहे आणि त्यात तडजोड नको. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर, म्हणजे तुमच्या भावासारखी मानेत, इजा असलेल्यांना अचानक रक्तदाब भयंकर वाढण्याचा धोका असतो. कारण बहुतेकदा साधं असतं: कॅथेटरची (लघवीची) नळी मुरगळलेली, मूत्राशय तुंबलेलं, पोट साफ नाही, कुठेतरी कपडा किंवा पट्टा रुतलेला. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. लगेच बसतं करायचं, पट्टे-कपडे सैल करायचे, नळी बघायची, आणि आराम पडत नसेल तर वेळ न दवडता रुग्णालय. प्रत्येक मदतनिसाला हे तोंडपाठ हवं. खुर्चीच्या मागे हे लिहिलेलं एक कार्ड लावून ठेवा, कारण रुग्णालयातल्या सगळ्यांनाच ते माहीत असतं असं नाही.

आता योजनेच्या उणिवा, कारण नुसतं कौतुक करून तुमचं नुकसान करायचं नाही. पहिली, मदतनीस सोडून जातात. कामाचा पगार बेताचा, वेळा अडनिड्या. म्हणून एकाच माणसावर सगळे तास टाकू नका, दोन किंवा तीन जणांत वाटा, आणि ऐनवेळी कुणी आलं नाही तर काय, हे कागदावर लिहून ठेवा. त्या कागदावर तुमचं नाव शेवटी असावं, पहिलं नाही. दुसरी, स्वतः मदतनीस नेमायचा तर हजेरी, पगार, पावत्या, हिशेब हे सगळं अंगावर येतं. काहींना ते आवडतं, काहींना आठवड्यात नकोसं होतं. हिशेब दुसऱ्याकडे देऊन माणूस निवडायचा हक्क स्वतःकडे ठेवण्याची सोय असेल तर सुरुवात तिथून करा. तिसरी, सरकार देतं ते सरकार काढूनही घेऊ शकतं. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये सुरू झालेला, गंभीर अपंगत्व असलेल्यांना मदतनिसासाठी पैसे देणारा 'इंडिपेंडंट लिव्हिंग फंड' २०१५ मध्ये बंद केला गेला आणि त्यावर जगणाऱ्या लोकांना स्थानिक प्रशासनाच्या दारात नव्याने उभं राहावं लागलं. म्हणून मंजुरीचे कागद, अहवाल, पत्रव्यवहार जपून ठेवा. फेरतपासणी येणार आहे.

फेरतपासणीला घरचे एक हमखास चूक करतात. पाहुणे आल्यासारखं घर आवरतात आणि भाऊ कसा सगळं करतो हे अभिमानाने सांगतात. मूल्यमापन करणारा ते लिहून घेतो आणि तास कमी होतात. त्याआधीचे सात दिवस डायरी लिहा. चोवीस तासांची. रात्री कूस बदलायला कोण उठलं, किती वाजता, किती मिनिटं. मदतनीस आला नाही त्या दिवशी काय झालं. वाईट दिवस कसा असतो ते सांगा, खोटं काही नको, फक्त लपवू नका. आणि मिळालेल्या मदतीने काय साधलं हेही सांगा: मदत मिळतेय म्हणून भाऊ अभ्यासक्रमाला जातोय, मदत थांबली तर हे थांबेल. प्रगती झाली म्हणून मदत कापायची हे तर्कट अनेक ठिकाणी चालतं, त्याला आधीच उत्तर तयार ठेवा.

राहिलं वेगळं राहणं. २८ तासांत ते जमेल का? रात्री कूस बदलायला माणूस लागत असेल तर आज नाही जमणार. हवेचा दाब आपोआप बदलणारी गादी, घरातलं दार-दिवे फोनवरून चालवायची सोय आणि रात्रीपुरती मदत, यांचा अर्ज आत्ताच करा. त्याला वेळ लागतो. तोवर वेगळं राहण्याचा सराव याच घरात होऊ शकतो. त्याच्या खोलीचं दार, त्याच्या मदतनिसाच्या वेळा, त्याचे पैसे. मदतनीस आला की तुम्ही दोघी त्याच्याशी नाही, भाऊ त्याच्याशी बोलेल. मदतनीस तुम्हाला विचारायला आला, 'यांना काय घालू?', तर उत्तर एकच, 'त्याला विचारा.'

पुढच्या आठवड्यात एजन्सी दोन-तीन उमेदवार पाठवेल असं तुम्ही लिहिलंय. मुलाखत भाऊ घेईल. प्रश्न त्याने काढावेत, हवं तर फोनवर बोलून टाइप करून ठेवावेत. आई आणि तुम्ही तेवढा अर्धा तास घराबाहेर चक्कर मारून या. त्याने निवडलेला माणूस तुम्हाला पटला नाही तरी महिनाभर काही बोलू नका. चुकीचा निघाला तर तोच त्याला काढेल.